पसाभर धूर

त्या गल्लीत मोटारी दुरुस्त करणारे तिघे होते. एकाकडे गाडी उचलायचं यंत्र होतं, दुसऱ्याकडे संगणक होता आणि तिसऱ्याकडे नाक होतं. या तिसऱ्याला सगळे नाकमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, आणि ज्या शाळेत ते स्वतः शिकले तिथेही फार दिवस काढले नव्हते. पण जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर लावायचा तर मास्तरांकडे, हे इतकं ठरून गेलं होतं की अशी एखादी गाडी आली की संगणकवाला स्वतःच उठून कोपऱ्यापर्यंत वाट दाखवायला यायचा.

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर बसवलेलं मोठ्या पेल्याएवढं भांडं. त्यात पेट्रोल आणि हवा एकमेकांत मिसळतात आणि मग खाली जळायला जातात. पेट्रोल जास्त झालं की गाडी काळा धूर सोडते, प्लगवर काजळी धरते आणि टाकी बघता बघता रिकामी करते. हवा जास्त झाली की ठसकते, चढावर मान टाकते. दोन्हींचा मेळ बसवायला एक बारीकसा स्क्रू असतो. तो किती फिरवायचा हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण चाळीस वर्षं झिजलेल्या इंजिनाने ते पुस्तक कधी वाचलेलं नसतं, असं मास्तर म्हणायचे.

त्यांची रीत ठरलेली होती. इंजिन चांगलं तापू द्यायचं. स्क्रू पूर्ण आवळायचा, मग अडीच फेरे सोडायचा. कान देऊन आवाज एकसारखा करायचा. इतकं तर कुणीही करील. त्यानंतर मास्तर गाडीच्या मागे जात, उकिडवे बसत, सायलेन्सरच्या तोंडापुढे उजव्या हाताचा पसा धरत आणि पसाभर धूर नाकापाशी आणून डोळे मिटत. मग उठून स्क्रू केसभर इकडे किंवा केसभर तिकडे करत. पुन्हा मागे. पुन्हा पसा. तीन-चार खेपा झाल्या की फडक्याला हात पुसून म्हणत, "न्या."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोने विचारलं होतं, "बरोबर झालं म्हणजे नक्की कसला वास येतो हो?"

"कसलाच नाही. पेट्रोलचा नाही, जळकाही नाही."

"म्हणजे कोरा."

"कोरा म्हणजे?"

"धुतलेलं फडकं वाळलं की येतो ना, तसा."

मास्तरांनी तो शब्द उचलला. तेव्हापासून त्यांच्या गॅरेजात वास तीनच: पेट्रोल जास्त झालं की कच्चा, हवा जास्त झाली की करपट आणि मेळ बसला की कोरा. गिऱ्हाईकंही तेच शब्द बोलू लागली. ‘कोरा’ हा शब्द मुळात कुणाचा, हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोनेही नाही.

चार महिन्यांपूर्वी मास्तरांना ताप आला. पाच दिवस अंथरुणात काढून सहाव्या दिवशी ते गॅरेजात आले, हात धुवायला पेट्रोलचा डबा उघडला आणि त्यांना वाटलं, कुणीतरी गंमत म्हणून डब्यात पाणी भरून ठेवलंय. बोट बुडवलं. गार पडलं, भुर्रकन उडून गेलं. पेट्रोलच होतं. मास्तरांनी डब्यात जवळजवळ नाक घातलं. काही नाही. मग रंगाचा डबा उघडून बघितला, मग साबणाची वडी, मग स्वतःची बाही. दुपारपर्यंत गॅरेजातल्या झाकण असलेल्या सगळ्या वस्तू उघडून झाल्या.

सर्दी आहे, आठवड्याने उतरेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आठवड्याने सर्दी उतरली. वास आला नाही. कुणाला सांगायचं हा प्रश्नच त्यांनी मनाशी येऊ दिला नाही. सुताराने करवत मोडली म्हणून सांगावं, दुसरी आणता येते. हे कसं सांगणार? आणि सांगितलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. संगणकवाला हळहळायला येणार, हळहळता हळहळता गॅरेजची जागा डोळ्यांनी मोजून जाणार.

तेव्हा त्यांनी रीत तशीच चालू ठेवली. कानाने लावायचं, मग मागे जाऊन उकिडवं बसायचं, पसा धरायचा, डोळे मिटायचे. यात एक मोठी अडचण होती आणि ती लक्षात यायला मास्तरांना बरेच दिवस लागले. बरोबर लागलेल्या गाडीला कसलाच वास येत नाही. आणि मास्तरांना आता कसलाच वास येत नव्हता. म्हणजे त्यांच्या पशात आलेली प्रत्येक गाडी पहिल्याच खेपेला बरोबर! पूर्वी तीन-चार खेपा लागायच्या, आता एकीत काम. "मास्तर, हात फारच बसलाय तुमचा," असं एक गिऱ्हाईक म्हणालं, तेव्हा मास्तरांनी "हं" म्हणून मान खाली घातली.

घरीही सोंग वठवणं आलं. पूर्वी दारात चपला काढतानाच ते आत काय शिजतंय ते सांगायचे. "आज कांदा जरा जास्त परतलास." "दूध लागलं वाटतं खाली." बायको म्हणायची, "नाकाला सुट्टी द्या हो एखादा दिवस." आता सुट्टी मिळाली होती आणि ती लपवायची होती. म्हणून ते दारातूनच सरसकट म्हणू लागले, "वा! काय घमघमाट सुटलाय!" एकदा ते खोलीत वाचत बसले असताना ओट्यावर दूध उतू जाऊन जळून गेलं. धूर दाराबाहेर आला तेव्हा ते धावले. बायको शेजारून परत आली, काळं पातेलं बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि पातेलं भिजत घातलं. त्यानंतर ती घराबाहेर पडताना गॅस सिलिंडरपाशीच बंद करून जाऊ लागली. मास्तरांना वाटलं, काटकसर.

सिस्टरची गाडी आली ती याच दिवसांत.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. निवृत्त झाल्या तरी त्यांचे अकरा पेशंट त्यांना सोडत नव्हते. सगळे अंथरुणाला खिळलेले, सगळे टेकडीच्या अंगाला राहणारे, जिथे बस जात नाही. रोज सकाळी सिस्टर आपल्या जुन्या गाडीत पट्ट्या, औषधं आणि सुयांचा डबा टाकून अकरा घरं करायच्या. "ही गाडी माझ्या गुडघ्यांपेक्षा बरी आहे," त्या म्हणायच्या. "निदान तिला तेल घालता येतं."

दोन महिन्यांपूर्वी कार्ब्युरेटरमधून पेट्रोल बाहेर गळत होतं. मास्तरांनी उघडून बघितलं. आत एक पितळेची पोकळ डबी असते, तिला फ्लोट म्हणतात. ती पेट्रोलवर तरंगते आणि वर चढली की पेट्रोल आत येणं आपोआप थांबतं. सिस्टरच्या फ्लोटला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. नवा फ्लोट मिळण्यासारखा नव्हता, ती गाडी बनणं बंद होऊन जमाना झाला. मास्तरांनी आतलं पेट्रोल काढलं, कथील वितळवून भोक बुजवलं आणि गाडी दिली. गळती थांबली.

महिन्याभराने गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. मास्तरांनी स्क्रू फिरवून दिला. पुन्हा नापास. त्या सोमवारी सिस्टर गॅरेजात शिरल्या आणि त्यांनी तपासणीचा कागद बाकावर असा ठेवला की पान्हे वाजले.

"मास्तर, परत तेच."

"आकडा किती आला?"

"तीनच्या आत पाहिजे. साडेपाच."

"मशीनच बिघडलं असेल त्यांचं."

"मशीन बिघडलं असतं तर माझ्या पुढची गाडी कशी पास झाली? आणि मशीन जाऊ द्या. माझा तो दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा, वर्षभर उठलेला नाही, धड बोलतसुद्धा नाही. तो काल म्हणतो, सिस्टर, आज सुईत पेट्रोल भरलंय का? माझ्या कपड्यांनाच वास येतोय म्हणे."

मास्तरांनी कागद हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला.

"तुम्ही वास घेतला होता ना?" सिस्टरनी विचारलं.

"घेतला होता."

"मग?"

"कोरा," मास्तर म्हणाले. आणि हे खोटं नव्हतं.

सिस्टर बिनपाठीच्या खुर्चीवर टेकल्या. आवाज उतरला. "शुक्रवारी दहाला तिसरी खेप आहे. यावेळी नापास झाली तर कागद जमा करून घेतात. मग गाडी रस्त्यावर आणता येत नाही, सरळ भंगारात. मला या वयात दुसरी कोण देणार, आणि मी कशाला घेऊ? पण त्या अकरा जणांचं काय करू ते सांगा." थोडं थांबून त्या उठल्या. "ठेवून जाते. चार दिवस रिक्षा करीन. तुमच्यावर सोडलंय, मास्तर."

मास्तरांना त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. मास्तरांनी हवेची जाळी बदलली. चोकची पट्टी अडकत नाही ना ते बघितलं. बारीक नळ्या फुंकून साफ केल्या. फ्लोट काढून त्याची उंची पट्टीने मोजली, ती पुस्तकातल्याप्रमाणे बरोबर होती, म्हणून तसाच परत बसवला. स्क्रू आवळावा तर इंजिन ठसकायचं. उपाशी राहतंय बिचारं, असं समजून मास्तर स्क्रू पुन्हा सैल करायचे. प्लगचा रंग बघावा तर त्यासाठी गाडी तासभर पळवावी लागायची, आणि तासाभराने उत्तर मिळायचं ते एवढंच की अजून काळाच. मधल्या सगळ्या गोष्टी, हे फिरवल्यावर काय झालं आणि ते फिरवल्यावर काय, ते पूर्वी नाक सांगायचं. आता सांगायला कुणी नव्हतं. तीन दिवस मास्तरांनी सायलेन्सरमागे पसा धरला आणि तीन दिवस पशात कोरा धूर आला.

गुरुवारी बारा वाजता बायको डबा घेऊन आली. ती रोज यायची. फाटकापाशी डबा द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा आणि जायचं, अशी तिचीही रीत होती. त्या दिवशी गाडी चालू होती, मास्तर बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते आणि त्यांना ती आलेली कळली नाही. तिने एक हात नाकाशी नेला.

"किती कच्चं जळतंय हो हे!"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. मास्तर सरळ झाले. त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो त्यांनी बाकावर ठेवला, मग पुन्हा उचलला. "प्रदूषण आहे बाहेर, बस गेली असेल एखादी," असं काहीतरी म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. बाकावर सिस्टरचा कागद पडला होता, त्यावर शुक्रवारची तारीख होती.

"अगं, इकडे ये जरा," मास्तर म्हणाले.

ती डबा हातात धरूनच आत आली. चाळीस वर्षांत ती फाटकाच्या आत चार-पाचदाच आली असेल.

"माझं नाक गेलंय."

"माहितेय."

"माहितेय? कधीपासून?"

"दूध जळलं तेव्हा शंका आली. मग एका रविवारी मी मुद्दाम रिकामं पातेलं झाकून गॅसवर ठेवलं. गॅससुद्धा पेटवला नव्हता. तुम्ही दारातून म्हणालात, काय घमघमाट सुटलाय!"

"म्हणून तू सिलिंडर बंद करून जातेस."

"मग काय, घर उडवून देऊ?"

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. रोज म्हणायची, आज सांगतील. तीन महिने झाले." तिने डबा बाकावर ठेवला. "आता गाडीचं बोला. हे जेवण गार होणारच आहे आज."

मास्तर तिला गाडीच्या मागे घेऊन गेले आणि कसं बसायचं ते दाखवू लागले. "हात असा नको. पसा कर. धूर हातात आला की लगेच—"

"मला गुडघे आहेत हो, उकिडवं बसवत नाही," ती म्हणाली आणि कंबरेत वाकली. पसा धरला, नाकाशी आणला, खोकली. "कच्चं. तुमचा तो निळा शर्ट मला दोनदा भिजवावा लागला होता बघा, तसं."

"तुला शर्टावरून कळायचं?"

"कपडे कोण धुतं? बाहीला कच्चा वास म्हणजे दिवसभर एकाच गाडीने छळलं. करपट म्हणजे कुणाचीतरी उपाशी चाललेली. कोरं असलं की तुम्ही जेवताना बोलता."

मास्तर पुढे गेले. त्यांनी स्क्रू आवळला. इंजिन ठसकायला लागलं, गाडी थरथरली. हीच ती जागा, जिथे ते तीन दिवस स्क्रू परत सोडत होते.

"आता?" त्यांनी ओरडून विचारलं.

"तेवढंच."

"तेवढंच कसं? कमी झालं असेल."

"कमी नाही. तेवढंच कच्चं. जास्तच असेल उलट."

मास्तर हातात स्क्रूड्रायव्हर धरून तसेच उभे राहिले. इंजिन दोन प्रकारे ठसकतं. उपाशीपोटी ठसकतं आणि ठासून भरवलं तरी ठसकतं. कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं, फरक वासात असतो. ते तीन दिवस भरल्या पोटाला आग्रह करकरून वाढत होते. स्क्रू आवळूनही पेट्रोल येतच असेल तर ते स्क्रूवाटे येत नव्हतं. भांड्यातलीच पातळी वर चढून ते सांडत होतं. आणि ती पातळी ठरवतो तो फ्लोट.

त्यांनी इंजिन बंद केलं, कार्ब्युरेटरचं झाकण उघडलं आणि फ्लोट काढून बाकावर ठेवला. पट्टी लावली. उंची बरोबर. फळीखाली मास्तरांनी बरण्यांची झाकणं खिळ्यांनी ठोकली होती आणि बरण्या खालून फिरवून लावल्या होत्या. त्यातल्या एकीत, भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचा एक चेपका फ्लोट होता. चेपका म्हणून कामाचा नव्हता. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"ही काय, डबी का?" बायकोने एकेका तळव्यावर एकेक घेतली. "ही जड आहे."

"दोन्ही सारख्याच असतात."

"असतील. ही जड आहे."

"डोळे मीट." मास्तरांनी हळूच अदलाबदल केली.

"आता या हातातली जड. काय पोरखेळ लावलाय?" भाजीवाल्याच्या तराजूवर तिचा कधीच भरवसा नव्हता. ती हातात घेऊन बघायची, आणि भाजीवाला तिला बघितलं की आपणहून एक जास्त टाकायचा.

मास्तरांनी तसराळ्यात पेट्रोल ओतलं आणि दोन्ही फ्लोट त्यात सोडले. चेपका वर तरंगला. सिस्टरचा त्याच्या शेजारी जरासा खाली, जाड दोऱ्याइतका खाली बसला. त्याच्या पाठीवर कथलाचा एक फुगवटा चमकत होता. ठिपका नव्हे, चांगला फुगवटा.

तो मास्तरांनीच दिला होता. कसा दिला तेही त्यांना आठवलं. एरवी ते एक ठिपका देत, गरम पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का बघत, मग पेट्रोलमध्ये ठेवून पुसून घेत आणि दुसऱ्या सकाळी भोकाच्या जागी नाक लावत. आत पाझरलं असेल तर तिथे वास येतो. त्या दिवशी सकाळी नाक लावलं, वास नव्हता. वास नव्हता म्हणजे झालं होतं, की नाक नव्हतं म्हणून आला नव्हता? कळेना. तेव्हा त्यांनी एकावर दुसरा ठिपका दिला. मग दुसऱ्यावर तिसरा. पेट्रोलचा एक थेंबही आत जाणार नाही असं पक्कं केलं, आणि डबीचं वजन वाढवून ठेवलं. जड डबी खोल बसते, ती वर चढायच्या आधी पेट्रोल चढतं. उंची कोरड्यावर मोजली तर बरोबरच येणार.

"मीच केलंय हे," ते म्हणाले.

"दिसतंय. आता काढा."

वरचे दोन ठिपके कानशीने घासून काढायला अर्धा तास लागला. चहाच्या किटलीत पाणी तापवलं. बायकोने चिमट्याने डबी बुडवून धरली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. "नाही बुडबुडा." मग पुसून, वाळवून, नाकाशी लावून म्हणाली, "इथेही काही नाही." मास्तरांनी ती पुन्हा तसराळ्यात सोडली. आता दोघी जावाजावांसारख्या शेजारी, एका उंचीवर.

कार्ब्युरेटर जोडून इंजिन तापेपर्यंत अडीच वाजले. मग मास्तर पुढे आणि बायको मागे.

"कच्चं... कच्चंच आहे... कमी झालं. हां, कमी होतंय. आणखी... अहो, थांबा! आता डोळ्यांत जातंय. करपट."

"किती मागे घेऊ?"

"मला काय विचारता? घ्या जरा. फार नको."

केसभर.

बराच वेळ मागून आवाज आला नाही. मास्तर बॉनेटच्या कडेने वाकून बघू लागले. ती तिसऱ्यांदा पसा नाकाशी नेत होती.

"कोरं," ती म्हणाली.

"नक्की?"

"फडक्यासारखं."

मास्तर गाडीच्या मागे आले. सवयीने हात पुढे झाला होता. तो त्यांनी खिशात घातला आणि म्हणाले, "चल, जेवू." बिनपाठीची खुर्ची तिला दिली, स्वतः टायरवर बसले. जेवण गार झालं होतं, आणि मास्तर पूर्ण वेळ बोलत होते.

शुक्रवारी सकाळी ते सिस्टरबरोबर गाडीतून तपासणीला निघाले. पूर्वी असं कधी केलं नव्हतं. गल्ली ओलांडल्यावर म्हणाले, "सिस्टर, चूक माझी होती. तो फ्लोट मी जड करून ठेवला होता. तापानंतर मला वास येत नाही. तेव्हा लपवलं मी."

सिस्टरनी गाडीचा वेग कमी केला. "ताप कधी आला होता?"

"चार महिने झाले."

"घरी सांगितलंत?"

"काल."

"काल!" त्यांनी गाडी कडेलाच घेतली. "माझे पेशंट बरे तुमच्यापेक्षा. निदान दुखतं तिथे बोट तरी ठेवतात. आणि माझी गाडी भंगारात गेली असती तर, मास्तर? त्या अकरा जणांना काय सांगितलं असतं मी? तुमचं नाक वर राहावं म्हणून?"

सिस्टर उत्तरासाठी थांबल्या नाहीत. गाडी पुन्हा रस्त्यावर आली. दोन चौक गेल्यावर त्यांचा दवाखान्यातला आवाज परत आला. "येतो कधी कधी वास परत. वर्षाने, दीड वर्षाने. कधी येतही नाही. रोज चार ओळखीच्या वस्तू नाकाशी धरत जा. वास आला नाही तरी धरायच्या."

तपासणीवाल्याने मास्तरांना बघून खुर्ची मागे सारली. "अरे वा, आज मास्तर स्वतः! माझ्या मशीनला नावं ठेवता म्हणे. नाक आणलंय का बरोबर, की घरी ठेवून आलात?"

"घरी ठेवलंय," मास्तर म्हणाले. "स्वयंपाक करतंय."

तपासणीवाल्याला विनोद कळला नाही, पण सिस्टर हसल्या. त्याने नळी सायलेन्सरमध्ये घातली. काचेवर आकडे पळू लागले, चारवर गेले, अडखळले, खाली आले. सिस्टर आकड्यांकडे बघत नव्हत्या, पर्स घट्ट धरून भिंतीकडे बघत होत्या. मास्तर आकड्यांकडेच बघत होते, कारण आता त्यांना तेच बघता येत होतं.

"दोन पूर्णांक एक," तपासणीवाला म्हणाला आणि शिक्का मारला.

सिस्टरनी मास्तरांना गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. आभार मानले नाहीत. "पहिल्या घरी साडेअकराला पोचायचंय," एवढंच म्हणून टेकडीच्या रस्त्याला लागल्या.

आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. संगणकवाला येऊन हळहळून गेला. जागा डोळ्यांनी मोजली की नाही ते मास्तरांनी बघितलं नाही. जुनी गाडी आली की तो अजूनही कोपऱ्यापर्यंत वाट दाखवायला येतो, फक्त एवढं जास्त सांगतो, "बारानंतर जा. बाई बारा वाजता येतात." बायको डबा घेऊन येते आणि तासभर थांबते. कार्ब्युरेटरची कामं त्या तासासाठी राखून ठेवलेली असतात. तिच्यासाठी मास्तरांनी एक उंच स्टूल आणलंय, गुडघ्यांना बरं पडतं म्हणून. मास्तरांच्या हाताखाली काम करतेस का असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "हाताखाली नाही, गाडीमागे."

बाकावर एका ओळीत चार डब्या आहेत: पेट्रोल, साबण, रंग, कॉफी. सकाळी गॅरेज उघडलं की मास्तर चारही नाकाशी धरून मगच पान्हा हातात घेतात.

बारा वाजता गाडी तापलेली असते. पहिला पसा अजून मास्तरांचाच. ते उकिडवे बसतात, डोळे मिटतात, आणि पूर्वीपेक्षा जरा जास्तच वेळ बसतात. बायको स्टुलावर बसून वाट बघते.

"काही?"

"काही नाही."

"कोरं की काहीच नाही?"

"काहीच नाही," मास्तर म्हणतात आणि बाजूला सरकतात. ती हात पुढे करते, पसा नाकाशी आणते.

"कच्चं," ती म्हणते. मास्तर उठतात आणि स्क्रूकडे जातात.